डीप ब्रेन स्टिम्युलेशन

डीप ब्रेन स्टिम्युलेशन (संक्षेपाने डीबीएस, मराठीत ‘खोल मेंदू उद्दीपन’) ही मेंदूच्या अंतर्भागातील विशिष्ट केंद्रात बारीक विद्युत्‌अग्रे कायमची बसवून त्यांतून सतत सौम्य विद्युत्‌स्पंद देण्याची उपचारपद्धती होय. तिचा मुख्य उपयोग हालचालींच्या विकारांत, म्हणजे पार्किन्सन (कंपवात), इसेन्शियल ट्रेमर हा हातांचा कंप आणि डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटले जाणे) यांत केला जातो. छातीवर त्वचेखाली बसविलेल्या हृदयाच्या पेसमेकरसारख्या यंत्रातून हे स्पंद निर्माण होतात. त्यामुळे बोलीभाषेत या उपचाराला ‘मेंदूचा पेसमेकर’ असेही म्हणतात. या उपचाराने मूळ आजार बरा होत नाही आणि त्याची वाढही थांबत नाही. कंप, ताठरता, मंदगती यांसारखी लक्षणे आटोक्यात राहतात. ही मर्यादा शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्ण व कुटुंबीय यांना नीट समजलेली असणे महत्त्वाचे आहे. नंतर होणाऱ्या निराशेचे मूळ पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या अपयशात नसते, ते आधी बाळगलेल्या चुकीच्या अपेक्षेत असते.

पार्श्वभूमी

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ‘शेकिंग पाल्सी’ या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आयुर्वेदात त्याच्याशी मिळतीजुळती लक्षणे कंपवात या नावाने वर्णिलेली आहेत. मेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील पेशी हळूहळू नष्ट होतात, त्यांच्याकडून तयार होणारे डोपामाइन हे रसायन कमी पडते आणि हालचालींचे नियंत्रण बिघडते, हे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्पष्ट झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेव्होडोपा हे औषध प्रभावी ठरले. शरीरात त्याचे डोपामाइन बनते. आजही पार्किन्सनच्या उपचाराचा पाया तेच आहे.

मराठी वाचकाला यातील एक दुवा जवळचा वाटेल. रानावनात, शेताच्या बांधावर आढळणाऱ्या आणि अंगाला लागली की असह्य खाज सुटणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. मुंबईतील अशोक वैद्य, नोशीर वाडिया आदी संशोधकांनी या बियांच्या चूर्णाचा पार्किन्सनच्या रुग्णांवर केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र या चूर्णात औषधच असल्याने ते डॉक्टरांना न सांगता गोळ्यांच्या जोडीने घेतल्यास लेव्होडोपाची एकूण मात्रा वाढते. पुढे शस्त्रक्रियेनंतर विद्युत्‌स्पंद जुळविताना अशी लपलेली मात्रा सगळा हिशेब चुकविते.

लेव्होडोपाचा परिणाम पहिली काही वर्षे उत्तम असतो. पुढे एकेका गोळीचा अंमल कमी वेळ टिकू लागतो. गोळीचा अंमल उतरला की रुग्ण जागच्या जागी गोठल्यासारखा होतो. अंमल चढला की कित्येकांचे हात, पाय, मान इच्छेविरुद्ध वळवळू लागतात. या अनैच्छिक हालचालींना डिस्किनेशिया म्हणतात. दिवसाचे असे तुकडे पडू लागल्यावर आणि गोळ्यांच्या वेळा कितीही बदलल्या तरी मेळ बसेनासा झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

इतिहास

मेंदूच्या आत नेमक्या बिंदूपर्यंत सुई नेण्याची चौकट (स्टिरिओटॅक्टिक फ्रेम) मानवी शस्त्रक्रियेसाठी १९४७ मध्ये अमेरिकेत स्पीगल व वायसिस यांनी वापरात आणली. त्यानंतर कंपाच्या रुग्णांत थॅलॅमस किंवा पॅलिडम या भागातील छोटासा अंश उष्णतेने अथवा रसायनाने नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या. भारतात मद्रास (आताचे चेन्नई) येथे बी. राममूर्ती व व्ही. बालसुब्रमण्यम आणि बंगळूर येथे आर. एम. वर्मा यांनी हे काम केले. मद्रासच्याच टी. एस. कनका या आशियातील आरंभीच्या महिला मेंदूशल्यचिकित्सकांपैकी एक होत्या. मेंदूत दीर्घकाळ राहणारी विद्युत्‌अग्रे बसविण्याचे भारतातील सुरुवातीचे काम त्यांच्या नावावर आहे. लेव्होडोपा आल्यावर मात्र या शस्त्रक्रिया जवळजवळ मागे पडल्या.

आजच्या स्वरूपातील डीबीएसचा आरंभ १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे झाला. आलिम-लुई बेनाबिद हे तेथे कंपाच्या रुग्णांवर थॅलॅमसचा अंश नष्ट करण्याची शस्त्रक्रिया करीत. नष्ट करण्यापूर्वी सुई योग्य जागी आहे की नाही हे तपासण्यासाठी तिच्या टोकातून वीज सोडून पाहण्याची पद्धत होती. वारंवारता सेकंदाला सुमारे १०० स्पंदांपर्यंत वाढविली की कंप थांबतो आणि वीज बंद केली की परततो, हे त्यांच्या ध्यानात आले. जे कार्य पेशी जाळून साधत होते ते त्यांना न जाळता, आणि हवे तेव्हा मागे घेता येईल अशा रीतीने साधू शकते, हा या निरीक्षणाचा अर्थ होता. तपासणीसाठी वापरलेले साधनच अशा प्रकारे उपचार ठरले.

दुसरा धागा अमेरिकेतून आला. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनींना अकस्मात पार्किन्सनसारखी लक्षणे जडली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी हे विषारी रसायन आढळले. त्यामुळे माकडांत पार्किन्सनसदृश अवस्था निर्माण करून अभ्यास करणे शक्य झाले. अशा माकडांत सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे छोटे केंद्र अतिक्रियाशील असते आणि ते निष्क्रिय केल्यास लक्षणे घटतात, असे मॅलन डीलाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले. बेनाबिद व पिएर पोलाक यांच्या गटाने १९९३ मध्ये याच केंद्राला रुग्णात उद्दीपन दिले. यानंतर उपचाराचा आवाका कंपापुरता न राहता ताठरता व मंदगतीपर्यंत वाढला. या कार्यासाठी बेनाबिद व डीलाँग यांना २०१४ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये कंपासाठी, २००२ मध्ये पार्किन्सनच्या इतर लक्षणांसाठी आणि २००३ मध्ये मर्यादित स्वरूपात डिस्टोनियासाठी या उपचारास मान्यता दिली.

महाराष्ट्रातील आरंभ

महाराष्ट्रात आधुनिक डीबीएसची सुरुवात १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात शल्यचिकित्सक परेश दोशी यांनी केली. मेंदूविकारशास्त्राची परंपरा मुंबईत आधीच रुजलेली होती. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय येथे नोशीर वाडिया यांनी हा विभाग घडविला. मुंबईतील पारशी समाजात लाखामागे सुमारे ३२८ जणांना पार्किन्सन असल्याचे भरुचा व सहकाऱ्यांचे सर्वेक्षण १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा समाज वयस्क असल्याने तो आकडा साऱ्या महाराष्ट्राला लागू करता येत नाही.

२००१ मध्ये मुंबईत बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन झाली. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व शुभंकरांचा मराठी गट व्यायाम, भेटी, व्याख्याने या मार्गांनी काम करतो. शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरविताना ती करून घेतलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी झालेले तासभराचे बोलणे माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि अशा गटांमुळे ते शक्य होते.

उपकरण आणि कार्य

उपकरणाचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे मेंदूत बसविलेली विद्युत्‌अग्राची तार. तिची जाडी सव्वा मिलीमीटरच्या आसपास असून टोकाकडे साधारणतः चार किंवा अधिक धातूचे संपर्कबिंदू असतात. दुसरा भाग म्हणजे कानामागून मानेच्या त्वचेखालून जाणारी जोडतार. तिसरा भाग म्हणजे गळ्याच्या हाडाखाली छातीवर बसविलेला स्पंदजनक. बॅटरी त्यातच असते. बाहेरून काहीही दिसत नाही. कृश व्यक्तीत त्वचेखालचा उंचवटा मात्र हाताला लागतो.

पार्किन्सनमध्ये बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस किंवा ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग, इसेन्शियल ट्रेमरमध्ये थॅलॅमसचा एक विशिष्ट भाग आणि डिस्टोनियात ग्लोबस पॅलिडस निवडतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९९ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात पार्किन्सनसाठी पहिल्या दोन्ही ठिकाणांचा हालचालींवरील परिणाम सारखा आढळला. सबथॅलॅमिक उद्दीपनाने औषधे अधिक कमी करता आली, पण मनःस्थितीच्या बाबतीत पॅलिडस किंचित सुरक्षित ठरला.

सामान्यतः सेकंदाला १३० च्या जवळपास स्पंद, प्रत्येक स्पंद सुमारे ६० मायक्रोसेकंदांचा, असे मान ठेवले जाते. ही वीज नेमके काय करते याविषयी एकमत नाही. आरंभी ती पेशींना ‘बंद’ करते असे मानले जाई. आता, पार्किन्सनमध्ये या मार्गांवर सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची जी एकसुरी लय साचते ती हे स्पंद मोडतात, हा विचार अधिक मान्य आहे. गजबजलेल्या चौकात सर्वांनी एकाच तालात भोंगे वाजवावेत आणि कोणाचाच इशारा ऐकू येऊ नये, तशी ही अवस्था समजता येईल.

रुग्णाची निवड

शस्त्रक्रियेच्या यशाचा सर्वांत मोठा वाटा योग्य रुग्ण निवडण्यात असतो. लेव्होडोपाने ज्या लक्षणांत सुधारणा होते त्यांतच साधारणपणे डीबीएसनेही होते. कंप हा याला मोठा अपवाद आहे, कारण गोळीला न जुमानणारा कंपही उद्दीपनाने कमी होऊ शकतो. म्हणून रात्रीपासून औषध बंद ठेवून सकाळी रुग्णाची तपासणी करतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. दोन्ही गुणांकांत किमान ३० टक्के फरक पडावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. गोळीचा अंमल ऐन चढलेला असतानाही जो रुग्ण तोल जाऊन पडतो, ज्याचे बोलणे अस्पष्टच राहते किंवा ज्याची स्मरणशक्ती ढासळली आहे, त्याला या शस्त्रक्रियेने फारसा लाभ होत नाही. हानी होण्याची शक्यता असते. पार्किन्सनसारखे दिसणारे पण वेगळे असलेले विकार (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) सुरुवातीच्या काळात ओळखणे अवघड असते. त्यामुळे आजाराची पहिली काही वर्षे जाऊ देण्याची प्रथा आहे. दिवसात ५ किंवा अधिक वेळा लेव्होडोपा घ्यावी लागणे, २ तासांहून अधिक काळ गोळीचा अंमल उतरलेला असणे, तासाभराहून अधिक त्रासदायक अनैच्छिक हालचाली असणे, यांपैकी काहीही असल्यास तज्ज्ञाकडे जावे, असा एक सोपा ठोकताळा वापरला जातो.

फार उशीर करणेही योग्य नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५१ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत, आजाराला सरासरी साडेसात वर्षे झालेल्या तुलनेने तरुण रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतरचा जीवनदर्जा केवळ औषध घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक सुधारला. त्यापूर्वी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांच्या जर्मन-ऑस्ट्रियन चाचणीतही लाभ दिसला होता. पण गंभीर प्रतिकूल घटनांचे प्रमाण शस्त्रक्रिया गटात १३ टक्के, तर औषध गटात ४ टक्के होते. दोन्ही आकडे रुग्णापुढे ठेवले गेले पाहिजेत.

शस्त्रक्रिया

डोक्याला चौकट बसवून एमआरआय व सीटी प्रतिमांवरून लक्ष्याचे स्थान मिलीमीटरच्या हिशेबात काढतात. कवटीला प्रत्येक बाजूस एक छोटे छिद्र पाडून विद्युत्‌अग्र आत नेतात. पुष्कळ केंद्रांत हा टप्पा रुग्ण जागा असताना पार पडतो. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, त्वचा तेवढी बधिर करावी लागते. पेशींचे विद्युत्‌ध्वनी ऐकत आणि रुग्णाला बोलायला, मूठ उघडझाप करायला, कागदावर वर्तुळ काढायला सांगत अचूक जागा निश्चित केली जाते. प्रतिमांचा दर्जा सुधारल्यामुळे काही केंद्रे संपूर्ण भूल देऊनही ती करतात. स्पंदजनक बसविण्याचा टप्पा पूर्ण भुलीखाली असतो.

मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका साधारण शंभरात १ ते २ इतका सांगितला जातो. जंतुसंसर्ग, तार तुटणे किंवा सरकणे हे त्याहून अधिक वेळा घडते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. बोलणे जड होणे, तोल बिघडणे, वजन वाढणे हे परिणाम ज्ञात आहेत. मनावरील परिणामांकडे आरंभी पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते. सबथॅलॅमिक उद्दीपनानंतर तीव्र नैराश्य येऊन आत्महत्येचा प्रयत्न घडल्याचे एक उदाहरण २००२ मध्ये मुंबईच्याच दोशी, छाया व भट्ट यांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नोंदविले. अपयश प्रसिद्ध करण्याची ही रीत उपचार सुधारण्यास कारणीभूत ठरते. आज शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मानसिक तपासणी आवश्यक मानली जाते.

स्पंद जुळविणे आणि अंतराचा प्रश्न

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. कोणता संपर्कबिंदू, किती वीज, किती रुंदीचा स्पंद, हे सारे बाहेरून बिनतारी उपकरणाने बदलता येते. त्याच वेळी गोळ्या हळूहळू कमी केल्या जातात. कंप काही क्षणांत थांबतो, ताठरता काही मिनिटांत उतरते. डिस्टोनियात मात्र आठवडे किंवा महिने वाट पाहावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत अनेक भेटी लागतात, नंतर त्या विरळ होतात, पण संपत नाहीत.

येथेच महाराष्ट्राचा भूगोल उपचारात शिरतो. ही सेवा मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत एकवटलेली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातून पुणे सुमारे सव्वादोनशे, तर मुंबई पावणेचारशे किलोमीटर दूर आहे. तपासणीसाठी गोळी बंद ठेवलेल्या, पाऊल उचलत नसलेल्या माणसाला घेऊन हा प्रवास करणे आणि सोबत्याचे दोन-तीन दिवसांचे काम बुडणे हा खर्च रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. याच तालुक्यातील हुपरीत चांदीकाम आणि इचलकरंजीत यंत्रमाग हे लोकांचे पोट आहे; बोटांच्या कामावर जगणाऱ्याला कंप म्हणजे थेट उत्पन्नाची हानी. उलट, शस्त्रक्रियेचा एकूण खर्च अनेक लाख रुपयांच्या घरात जातो आणि त्यातला मोठा भाग उपकरणाचा असतो. साधी बॅटरी ३ ते ५ वर्षांत बदलावी लागते. पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी १५ वर्षे किंवा अधिक टिकते, पण ती महाग असते आणि नेमाने चार्ज करण्याची शिस्त मागते. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढलेल्या कुटुंबाने दुसऱ्या बॅटरीचा विचार त्याच दिवशी करणे श्रेयस्कर, कारण बॅटरी अचानक संपल्यास लक्षणे पूर्वीपेक्षा तीव्रतेने उसळून जिवावर बेतू शकते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात पार्किन्सनचा समावेश दीर्घकालीन चेताविकारांत आहे. त्यामुळे ठरलेल्या निकषांनुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते.

घ्यावयाची काळजी

यंत्र बसविलेल्या व्यक्तीसाठी सर्वांत धोकादायक गोष्ट गावोगावी सहज उपलब्ध असते. गुडघेदुखी, कंबरदुखी यांसाठी फिजिओथेरपी केंद्रांत दिला जाणारा ‘शेक’, म्हणजे शॉर्टवेव्ह डायथर्मी, अशा रुग्णाला शरीराच्या कोणत्याही भागावर आणि यंत्र बंद असतानाही कधीच देऊ नये. तिची ऊर्जा तारेत शिरून विद्युत्‌अग्राच्या टोकाशी मेंदू भाजतो. दात काढल्यानंतर जबड्याला डायथर्मी दिल्याने एका रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि यंत्राचा हा शेक यांत मराठी बोलण्यात फरक केला जात नाही, म्हणून रुग्णाने ‘डायथर्मी नको’ हे शब्द पाठ ठेवावेत आणि यंत्राचे ओळखपत्र जवळ बाळगावे. एमआरआय केवळ यंत्राचा प्रकार पाहून, ठरलेल्या अटींवरच करता येते. शस्त्रक्रियेतील विद्युत्‌दाहक साधन (कॉटरी) व वीजजोडकाम यांबाबतही आधी विचारणे आवश्यक आहे.

दुसरी बाब क्वचितच सांगितली जाते. सबथॅलॅमिक उद्दीपनानंतर काही जणांची पोहण्याची क्षमता एकाएकी नाहीशी होते; चालणे सुधारलेले असूनही पाण्यात हातपायांचा मेळ बसत नाही. पूर्वी चांगले पोहणाऱ्या ९ रुग्णांविषयीचा असा वृत्तांत झुरिचहून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विहिरीत आणि नदीत पोहण्याची लहानपणापासून सवय असलेल्या भागात ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. बरे वाटू लागलेला माणूस जुन्या विश्वासाने एकटा पाण्यात उतरतो, आणि धोका नेमका तेथेच असतो.

अन्य उपयोग व नवे प्रवाह

तीव्र मंत्रचळ (ओसीडी), अपस्मार इत्यादींसाठीही हे तंत्र वापरले जाते. भारतात मानसिक आजारासाठी अशी शस्त्रक्रिया करायची झाल्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाची संमती व संबंधित मंडळाची परवानगी अनिवार्य आहे. हालचालींच्या विकारांना ही अट लागू नाही.

मेंदूची लय स्वतः मोजून गरजेइतकीच वीज देणाऱ्या ‘अनुकूली’ यंत्रास २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कवटी न उघडता ध्वनिलहरी एकवटून कंपाचे केंद्र नष्ट करण्याची पद्धतही प्रचारात येत आहे. तिच्यात यंत्र, बॅटरी व वारंवारच्या भेटी टळतात, मात्र केलेला बदल मागे घेता येत नाही.

रुग्णाच्या मृत्यूनंतर दहनापूर्वी स्पंदजनक काढून घ्यावा लागतो, कारण त्यातील बॅटरीचा उष्णतेने स्फोट होतो. हे काम डॉक्टर छोट्या छेदाने करू शकतात. घरच्यांनी ते आधी ठाऊक करून घेतलेले असावे.